केसांचं टपाल तीन महिने उशिरा येतं

ताई, मी ३१ वर्षांची. नागपूरला मनीषनगरात राहतो आम्ही. नवरा, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मला थायरॉइड निघाला, रक्ततपासणीत टीएसएच १४.२ होता. गोळी सुरू झाली, आधी ५० ची, मग ७५ ची. जुलैत टीएसएच ३.१ आला, केस गळणंही थांबलं होतं. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, पाच दिवस भरती होते. दिवाळीपासून केस असे गळून राहिले की बाथरूमची जाळी रोज साफ करावी लागते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून केसांसाठीच्या गमीज, त्या चघळायच्या गोळ्या, सुरू केल्या. डिसेंबरच्या शेवटी तपासलं तर टीएसएच ०.२! डॉक्टरांनी गोळी परत ५० वर आणली. तरी केस गळतच आहेत. वजन दोन किलो वाढलं, अंग जड वाटतं, पोट साफ होत नाही. पाळीत पहिले तीन दिवस फार जातं, पण हिमोग्लोबिन १२.१ आहे. भीतीने आता दहा-दहा दिवस केस धूत नाही. परवा सासूबाईंच्या वरणात माझा केस निघाला. त्या काही बोलल्या नाहीत, ताटाच्या कडेला ठेवून दिला. मला पुढे घास उतरला नाही. नवरा म्हणतो, केसच तर आहेत. मे महिन्यात नणंदेचं लग्न आहे. केस परत येतील का? ते डोक्याला लावायचं औषध सुरू करू का? की थायरॉइडची गोळीच मला सोसत नाही?

—

अगं, तुझं पत्र वाचलं आणि मी उठून मागच्या वर्षीचं कालनिर्णय काढलं. रद्दीत टाकायचं राहून गेलं होतं, बरं झालं. पेन घेतलं आणि तू लिहिलेल्या तारखांना गोल केले. फेब्रुवारी, जुलै, ऑगस्ट, दिवाळी, डिसेंबर. पाच गोल झाल्यावर जे दिसलं ते तुलाही दिसायला हवं, म्हणून तूही आज रात्री हेच कर.

आधी एक सांगते. मी डॉक्टर नाही. १६ वर्षं रोज सकाळी थायरॉइडची गोळी गिळणारी आणि त्यातली पहिली दोन वर्षं आरशाकडे पाठ करून वेणी घालणारी बाई आहे. त्यामुळे माझं ऐक, पण गोळीचा डोस माझ्या किंवा कुणाच्याही सांगण्यावरून स्वतः कमीजास्त करू नकोस.

आता गोलांकडे ये. डोक्यावरच्या शंभरातले ८५-९० केस कायम वाढत असतात, दोन ते सहा वर्षं. बाकीचे विश्रांतीला बसलेले असतात. ते दोन-तीन महिने नुसते अडकून राहतात आणि मग गळतात. जोराचा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, थायरॉइडचा बिघाड असं काही झालं की वाढणाऱ्यांतले बरेच केस एकदम विश्रांतीला जातात. त्या दिवशी तुला काहीच कळत नाही. कळतं ते दोन-तीन महिन्यांनी, सगळे मिळून गळायला लागतात तेव्हा. म्हणून मी म्हणते, केसांचं टपाल उशिरा येतं. ऑगस्टच्या गोलापासून पुढे मोज. कुठे येतेस? दिवाळीला.

म्हणजे दिवाळीत जाळीत अडकले ते डेंग्यूचे केस होते. थायरॉइडचा त्यात हात नसावा. जुलैत तुझा टीएसएच ३.१ होता, म्हणजे छान. आणि डेंग्यूची गळती सहसा सहा महिन्यांत आपली आपण थांबते. तू हातावर हात ठेवून बसली असतीस तरी फेब्रुवारी-मार्चपर्यंत ओसरली असती. पण आपण बसतो का? मीही नव्हते बसले. त्याचं पुढे सांगते.

तू गमीज घ्यायला लागलीस, आणि माझं पेन अडकलं ते इथे.

केसांच्या गोळ्या-गमीजमध्ये मुख्य माल असतो बायोटिन. शरीराला ते दिवसाला ३०-४० मायक्रोग्रॅम लागतं आणि आपल्या रोजच्या जेवणातून, शेंगदाण्यातून, अंड्यातून ते मिळून जातं. काही गोळ्यांत मात्र ते ५ ते १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे गरजेच्या शेकडो पट. मुळात ज्याला बायोटिनची कमतरता नाही त्याचे केस त्याने वाढतात याला फारसा आधार नाही, पण ते सोड. पैसे गेले तर गेले. खरी भानगड वेगळी आहे. रक्तातला टीएसएच मोजण्याच्या बऱ्याच यंत्रांमध्ये बायोटिनचाच गोंदासारखा वापर होतो. तुझ्या रक्तात आधीच बायोटिन भरून वाहत असेल तर यंत्राचा हिशेब चुकतो. टीएसएच खोटाच कमी दिसतो, टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, खोटंच जास्त दिसतं. रिपोर्ट वाचणाऱ्याला वाटतं, हिला गोळी जास्त होतेय. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनमुळे रिपोर्ट चुकतात असा जाहीर इशारा दिला होता. सगळ्याच लॅबच्या पद्धतीत असं होत नाही, हेही खरं.

टीएसएच म्हणजे मेंदूतल्या एका ग्रंथीने थायरॉइडला मारलेली हाक. थायरॉइड सुस्त असला की हाक मोठी, म्हणून तुझा १४.२. गोळी जास्त झाली की हाक बारीक, म्हणून ०.२. पण मला सांग, डिसेंबरमध्ये तुझी छाती धडधडत होती का? थंडीत घाम येत होता? वजन उतरत होतं? हात थरथरत होते? गोळी खरंच जास्त झाली असती तर यातलं काहीतरी लिहिलं असतंस. तू लिहिलंयस वजन वाढलं, अंग जड, पोट साफ नाही. हे वर्णन थायरॉइड कमी पडल्याचं आहे.

तेव्हा मला शंका अशी येते की ०.२ हा आकडा गमीजचा असावा, आणि त्याच्या भरवशावर तुझी व्यवस्थित बसलेली ७५ ची गोळी ५० वर आली असावी. शंकाच म्हणते. कदाचित तो आकडा खराही असेल, कारण गोळी जास्त झाली तरीही केस गळतात. ठरवायचं काम तपासणीचं आहे. डॉक्टरांना दोष देऊ नको. तू गमीजचं सांगितलंच नव्हतंस ना? आपण गमीजला औषधात धरतच नाही. मुलीच्या जेम्सच्या गोळ्यांसारख्या चघळतो आणि विसरतो.

गमीज आजपासून बंद. तपासणीआधी निदान २ दिवस बायोटिन थांबवा असं सांगतात; तू आठवडाभर थांब, काही बिघडत नाही. डोस बदलून तुला आठ आठवडे झाले आहेत आणि टीएसएच स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडेच लागतात, म्हणजे वेळही बरोबर आहे. मग डॉक्टरांकडे डबी घेऊन जा आणि एवढंच म्हण: ‘डिसेंबरच्या तपासणीच्या वेळी मी ह्या रोज खात होते. आता आठवडाभर बंद आहेत. परत तपासू का?’ लेबल दाखव. बाकी त्यांना कळेल.

त्याच वेळी एक नळी रक्त फेरिटिनसाठीही द्यायला सांग, आणि जमलं तर बी-१२ आणि ड जीवनसत्त्वासाठी. फेरिटिन म्हणजे शरीरातलं साठवणीचं लोह. हिमोग्लोबिन हे घरात रोज शिजणारं, आणि फेरिटिन हे कोठीतलं. कोठी रिकामी होत आली तरी ताटात काही दिवस सगळं नीट दिसतं. तुझं १२.१ हिमोग्लोबिन बघून सगळे गप्प बसले असणार, कारण १२ च्या वर म्हणजे ठीक. पण तीन-तीन दिवस इतकं जात असताना कोठीत काय उरलं असेल? थायरॉइड कमी असला की पाळीही जास्त जाते, हे दोन्ही एकमेकांचा हात धरून येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने धडधाकट बाईचं फेरिटिन १५ च्या खाली गेलं तर लोह कमी समजायचं. केसांचे डॉक्टर याहून जास्त असलेलं पसंत करतात.

लोहाची गोळी लिहून दिली तर ती थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेव. कॅल्शियमचंही तेच. एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी पोटातच बांधली जाते, अंगी लागत नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत, चहासोबत नाही. हळिवाचे लाडू, जवसाची चटणी खुशाल खा, पण सकाळच्या गोळीनंतर तासभर काही नको.

आणि हो, चहा. तू लिहिलं नाहीस, पण मनीषनगर असो की जुनी महाल वस्ती, सकाळी सहाला सासू-सुनेचा चहा होतोच. गोळी साध्या पाण्यासोबत, आणि चहा तासाभराने. मी आठ महिने गोळी चहाच्या घोटासोबत घेत होते आणि वर ‘मला गोळी लागू पडत नाही’ म्हणून सगळ्यांना सांगत होते. सकाळी जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतलेलीही चालते, डॉक्टरांना विचारून वेळ बदल. उपासाच्या दिवशीही घ्यायची. पाण्याच्या घोटाने उपास मोडत नाही, देवाला सगळं समजतं.

गोळीची बाटली कुठे असते तुझी? ओट्यावर, मीठ-मसाल्याच्या डब्यांशेजारी? आठवण राहावी म्हणून आपण सगळ्याच तिथे ठेवतो. ही गोळी उष्णता आणि ओल दोन्हींना भिते. आता मार्च लागतोय. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा गॅसजवळची बाटली काय सोसत असेल याचा विचार कर. कुलरसमोरही नको, तिथे ओल. आतल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेव आणि झाकण घट्ट लाव. गाडीच्या डिक्कीत तर एक दिवसही नाही.

आता केस धुण्याचं. दहा दिवस न धुतल्याने केस वाचत नाहीत गं. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतातच. दहा दिवस ते डोक्यातच अडकून राहतात आणि अकराव्या दिवशी सगळे मिळून जाळीत येतात, मग तू रडतेस. वर कोंडा होतो तो वेगळाच. आठवड्यातून दोनदा धू. आणि पुढच्या वेळी जाळीतला एक केस उचल, उन्हात धर. टोकाला खसखशीएवढा पांढरा ठिपका दिसला तर तो मुळापासून सुटलेला, विश्रांती संपवून गेलेला केस. असे केस गेले तरी मूळ जागेवर असतं, तिथून नवा येतो. ठिपका नसेल, केस आखूड असेल, तर तो मधूनच तुटलाय. तुमच्या फ्लॅटमध्ये बोअरचं पाणी येतं का? बादलीला पांढरा थर धरत असेल तर त्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात. शेवटचे दोन तांबे नळाच्या गोड्या पाण्याचे घे. पण बोअरच्या पाण्याने केस मुळापासून गळत नाहीत, त्यामुळे नळाला लावायच्या महागड्या फिल्टरच्या मागे लागू नको.

डोक्याला लावायचं औषध, मिनॉक्सिडिल, तुला आत्ता नको असं मला वाटतं. ज्यांचा भांग रुंद होत जातो, ज्यांना पीसीओडी (अंडाशयाचा त्रास) आहे, पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, त्यांना ते त्वचारोगतज्ज्ञ देतात आणि त्यांना उपयोगही होतो. तू यातलं काही लिहिलेलं नाहीस, आणि कारण हातात सापडतंय. शिवाय त्या औषधाने पहिले काही आठवडे गळती वाढते, बंद केलं की मिळालेलं परत जातं, आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर ते चालत नाही. थायरॉइड आणि फेरिटिन जागेवर येऊनही चार-सहा महिन्यांत फरक नाही पडला, तर मग विचारायचं. मात्र नाण्याएवढी गुळगुळीत चाई दिसली, टाळू दुखायला लागला, पू-खपल्या दिसल्या किंवा भुवयांची बाहेरची टोकं विरळ होत गेली तर वाट न बघता दाखव. चाई आणि थायरॉइड, दोन्हींत शरीर स्वतःवरच उलटतं, त्यामुळे ती एकाच घरी येऊ शकतात. धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांची कमी नाही, आणि खर्च झेपत नसेल तर मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजची, ओपीडी आहे. रांग मोठी असते, डबा घेऊन जा.

माझं सांगायचं राहिलं. मी ३८ ची होते. केसांच्या एका सेंटरमध्ये गेले, नाव नको. पांढरे कोट, टीव्हीवर माझ्या टाळूचा हा एवढा मोठा फोटो, आणि बारा बैठकांचं पॅकेज. एफडी मोडली. बारा बैठका झाल्या. एकाही बैठकीत कुणी विचारलं नाही की बाई, तुमची पाळी कशी आहे, थंडी जास्त वाजते का, टीएसएच कधी केला होता. सातव्या बैठकीला मी भर एप्रिलमध्ये शाल घेऊन बसले होते, बाप्पा! शेवटी ओळखलं ते आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या फॅमिली डॉक्टरांनी, माझ्या भुवया बघून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तेव्हा आपण ओरडतो ना, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’. त्या वर्षी मी गर्दीत उभी राहून मनातल्या मनात सेंटरवाल्यांनाही घेऊन जा म्हटलं. थायरॉइड मात्र काही मारबतीसोबत गेला नाही. तो राहिला, आणि चहापेक्षा स्वस्त गोळीने राहिला.

त्यामुळे ‘गोळीच सोसत नाही का’ या प्रश्नाचं उत्तर: सुरुवातीचे काही महिने गोळी चालू असूनही केस गळू शकतात, कारण ते आधीचं टपाल असतं. त्यावरून गोळी सोडायची नाही. सोडायला सांगणारे भेटतील. व्हॉट्सअ‍ॅपवर एक जण सांबाराचं पाणी पी म्हणेल (पुण्यामुंबईच्या वाचकांनी गोंधळू नये, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो), दुसरा पत्ताकोबी बंद करायला लावेल. सांबाराचं पाणी प्यायचं तर पी, पण गोळीच्या ऐवजी नाही. शिजवलेली पत्ताकोबी नेहमीएवढी खायला काही हरकत नाही.

आता ते वरण. मी तुझ्या सासूबाईंना ओळखत नाही. पण ज्या बाईला बोलायचं असतं ती ताट सरकवते, केस सगळ्यांना दाखवते. या बाईने केस कडेला ठेवला आणि जेवत राहिली. मला तर त्यात तुझी लाज राखलेली दिसते. त्यांच्याशी बोल. ‘आई, डेंग्यूनंतर माझे केस गळतायत, औषध चालू आहे, मलाही वाईट वाटतं’ एवढंच. स्वयंपाक करताना डोक्याला सुती रुमाल बांध. तुम्ही पोरी स्कूटीवर डोळे सोडून सगळं बांधता, तसंच समज. आणि सकाळचा चहा तासभर पुढे ढकलायचा आहे, ते त्यांनाच सांग. माझ्या अंदाजाने त्याच रोज विचारतील, गोळी घेतली का म्हणून.

नवऱ्याशी वाद घालू नको. ‘केसच तर आहेत’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो, त्याला काय करावं ते सुचत नसतं. त्याला काम दे. रिपोर्टच्या फाइलवर तारखा लिहायच्या, लॅबमधून रिपोर्ट आणायचा आणि महिन्यातून एकदा, त्याच खिडकीत, त्याच वेळी तुझ्या भांगाचा फोटो काढायचा. तू रोज आरशात बघू नको. रोज बघून काही कळत नाही, नुसता जीव जळतो.

केस परत येतील का? तू सांगितलंस त्यावरून, मूळ कारणं जागेवर आली की बहुतेक येतात. पण केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. आज सगळं सुरळीत झालं तरी मेमध्ये तुझ्या कपाळाच्या कडेने इंचभराची नवी लव उभी दिसेल, लांब वेणी नाही. तेव्हा लग्नाचा बेत तसा कर. आत्ताच खांद्यापर्यंत कापून घे, केस दाट दिसतात आणि गुंताही कमी होतो. लग्नाच्या नादात केस सरळ करायची रसायनं आणि तापलेली इस्त्री नको. खोपा घालायचा तर हलकं गंगावन घे, पिना टाळूला ओढणार नाहीत इतक्या सैल, आणि वर मोगऱ्याचा गजरा. मेमध्ये मोगरा भरपूर असतो. पार्लरवाली ती नवी लव जेलने चापून बसवायला बघेल. तिला नको म्हण, ती लव यायलाच आपण एवढी खटपट करतोय.

रिपोर्ट आला की मला टीएसएच आणि फेरिटिन दोन्ही कळव, आणि लॅबने आकड्याशेजारी छापलेली मर्यादाही लिही. बाटली ओट्यावरून हलवलीस का, तेही.